टक्का ऐकला की खालचा आकडा विचारा

आजारी माणसाला कुठे न्यायचे, हा आपल्या घरांतला सगळ्यात मोठा निर्णय आणि तोच सगळ्यात घाईत घेतला जातो. हातात पैसा कमी, वेळ कमी आणि सल्ला देणारे मात्र भरपूर. कुणी म्हणते, “त्या डॉक्टरांचा हातगुण फार चांगला, नऊच्या नऊ पेशंट बरे झाले.” कुणी म्हणते, “सरकारी दवाखान्यात नेऊ नका, तिथे माणसे दगावतात.” रस्त्याकडेच्या पाटीवर लिहिलेले असते, ‘१०० टक्के खात्रीशीर उपचार’. बारामतीच्या आमराईपासून इंदापूर तालुक्यातल्या भिगवण, निमगाव केतकीपर्यंत कुठेही आरोग्याची बैठक घेतली, की असा एखादा टक्का ऐकू येतोच. त्या टक्क्यावर विश्वास ठेवून लोक दागिने मोडतात, उचल घेतात, कधी जीवही गमावतात.

म्हणून या वेळी आम्ही कुठल्या एका आजारावर लिहिलेले नाही. दोन दवाखान्यांचे, दोन औषधांचे किंवा दोन गावांचे यश शेजारी शेजारी ठेवायचे असेल, तर ते न्यायाने कसे ठेवायचे, हे या पानावर सांगत आहोत. लागणारे गणित चौथी-पाचवीच्या अपूर्णांकाएवढेच आहे.

अंश सगळे सांगतात, छेद कुणी सांगत नाही

शाळेत अपूर्णांक शिकताना वर अंश आणि खाली छेद लिहायचो. बरे झालेले लोक म्हणजे अंश. उपचार घेतलेले सगळे लोक म्हणजे छेद. टक्का काढला की छेद दिसेनासा होतो आणि तिथेच आपली फसगत होते.

समजा, एका लहान दवाखान्यात एका आजाराचे ९ रुग्ण आले आणि ९ही बरे झाले. यश १०० टक्के. मोठ्या रुग्णालयात त्याच आजाराचे २०० रुग्ण आले, १९० बरे झाले. यश ९५ टक्के. पाटीवर पहिलाच चांगला दिसतो. पण पहिल्याची परीक्षा नऊ वेळाच झाली आहे, दुसऱ्याची दोनशे वेळा.

नाणे उडवून बघा. सलग तीन वेळा छापा पडण्याची शक्यता आठात एक असते. म्हणजे वस्तीतल्या आठ मुलांनी प्रत्येकी तीन वेळा नाणे उडवले, तर त्यातल्या एखाद्याला तीनही वेळा छापा पडला तर नवल नाही. त्या मुलाच्या हातात काही जादू नसते. पण आपण फक्त त्याच मुलाला पाहिले, तर म्हणू, “याचा हात बघा, १०० टक्के छापा!” दवाखान्यांचेही असेच होते. तालुक्यात थोडे थोडे रुग्ण पाहणारे दहा-वीस दवाखाने असतील, तर त्यातल्या एक-दोघांकडे योगायोगानेच सगळे बरे झालेले असतात. चर्चा त्यांचीच होते. उलट, ज्याच्याकडे आलेल्या चारांपैकी दोन योगायोगाने दगावले, तो कायमचा बदनाम होतो. लहान आकड्यांच्या गर्दीत सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा, दोघेही बहुतेक वेळा लहानच असतात.

वेल्हे चांगले की वाईट?

हे आपल्याच जिल्ह्याच्या आकड्यांवर करून पाहू. २०११च्या जनगणनेत बारामती तालुक्याची लोकसंख्या ४ लाख २९ हजार ६०० होती, इंदापूरची ३ लाख ८३ हजार १८३. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ वेल्हे तालुक्याची, ज्याला आता राजगड म्हणतात, फक्त ५४ हजार ५१६.

आता बाळंतपणातल्या माता मृत्यूंचा विचार करा. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्राचा माता मृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता. राज्यात वर्षाला दर हजार लोकसंख्येमागे साधारण १५ बाळे जन्मतात. समजून घेण्यापुरते धरू की तिन्ही तालुक्यांत सेवा अगदी सारखी आहे आणि राज्याचेच दर तिथे लागू आहेत. मग बारामतीत वर्षाला सुमारे ६ हजार ४०० बाळंतपणे होतील आणि हिशेबाने दोन मातांचा मृत्यू होईल. इंदापुरात सुमारे ५ हजार ७०० बाळंतपणे, मृत्यू जवळपास दोनच. वेल्ह्यात सुमारे ८२० बाळंतपणे. तिथे हिशेबाने साधारण पावणेचार वर्षांत एक मृत्यू येईल.

म्हणजे बहुतेक वर्षी वेल्ह्याचा दर शून्य. वर्तमानपत्र म्हणेल, ‘वेल्हे जिल्ह्यात पहिले’. मग एखाद्या वर्षी एक माता दगावेल. एक भागिले ८२०, म्हणजे लाखामागे सुमारे १२२. राज्याच्या दराच्या जवळपास चौपट. तेच वर्तमानपत्र म्हणेल, ‘वेल्हे जिल्ह्यात शेवटचे’. नर्सबाई त्याच, उपकेंद्र तेच, रस्ताही तोच. बदलला तो फक्त एक आकडा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ती एक माता गेली, हे दुःख ‘योगायोग’ म्हणून सोडून द्यायचे नसते. प्रत्येक माता मृत्यूची चौकशी व्हायलाच हवी: गाडी का उशिरा आली, रक्त का मिळाले नाही, कुणी तपासले नाही. चौकशी एका मृत्यूचीही होते. पण दोन तालुक्यांची तुलना एका मृत्यूवर करता येत नाही. तुलना करायची असेल तर पाच-सात वर्षांचे आकडे एकत्र करा, छेद मोठा होऊ द्या आणि मग बोला.

घरच्या घरी करायचे दोन हिशेब

पहिला हिशेब ‘दोन-दोन मिळवा’चा. ॲग्रेस्टी आणि कूल या संख्याशास्त्रज्ञांनी १९९८ साली ही सोपी रीत मांडली. कुठलाही यशाचा आकडा ऐकला, की त्यात मनाने दोन यशस्वी आणि दोन अयशस्वी रुग्ण मिळवायचे. म्हणजे अंशात २ वाढवायचे आणि छेदात ४. मग टक्का काढायचा.

लहान दवाखाना: ९ पैकी ९. मिळवल्यावर १३ पैकी ११. म्हणजे सुमारे ८५ टक्के.

मोठे रुग्णालय: २०० पैकी १९०. मिळवल्यावर २०४ पैकी १९२. म्हणजे सुमारे ९४ टक्के.

१०० टक्क्यांचा दवाखाना खाली आला आणि ९५चे रुग्णालय जवळपास जागेवरच राहिले. असे का होते? चार काल्पनिक रुग्णांनी २००चा आकडा हलत नाही, पण ९चा हलतो. मुंगीच्या पाठीवर साखरेचा दाणा ठेवला तर ती वाकते, बैलाच्या पाठीवर ठेवला तर त्याला कळतही नाही. चार रुग्णांनी जो आकडा एवढा हलतो, त्यावर घर गहाण ठेवायचे नाही, एवढेच यातून घ्यायचे. लहान दवाखान्याचा डॉक्टर वाईट आहे, असा याचा अर्थ अजिबात नाही. तो खरोखरच उत्तम असेल. पण तसे म्हणायला नऊ रुग्ण पुरत नाहीत.

दुसरा हिशेब ‘तीन भागिले’चा. कुणी म्हणाले, “या औषधाने आजपर्यंत एकालाही त्रास झाला नाही,” तर विचारायचे, किती जणांनी घेतले? उत्तर आले ३०, तर ३ भागिले ३०, म्हणजे दहा टक्के. एकालाही त्रास झालेला नसला, तरी खरा धोका शंभरात दहापर्यंत असू शकतो. उत्तर आले ३००, तर ३ भागिले ३००, म्हणजे एक टक्का. हा हिशेब अंदाजाचा आहे आणि तीस किंवा त्याहून जास्त माणसांना नीट लागू पडतो. ‘एकालाही नाही’ हे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत. तरी त्यामागचा भरवसा दहापट वेगळा आहे.

गडचिरोली: गावे कमी-जास्त, तरी तुलना चोख

छेद वेगवेगळे असले म्हणजे तुलना करूच नये, असेही नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत नवजात बाळांसाठी केलेले काम पाहा. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी जाऊन बाळाची काळजी घ्यायला लावले. शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू होती. एकीकडे लोकसंख्या सुमारे ३९ हजार, दुसरीकडे सुमारे ४२ हजार.

आता नुसते मेलेल्या बाळांचे आकडे मोजले असते, तर जास्त गावांकडे जास्त मृत्यू दिसणारच होते. म्हणून त्यांनी दर हजार जिवंत जन्मांमागे किती बाळे पहिल्या महिन्यात गेली, ते मोजले. तिसऱ्या वर्षी काम केलेल्या गावांत हा दर २५.५ होता, शेजारच्या गावांत ५९.६. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचे वजन आणि ताप बघते. २०११पासून देशभर सुरू झालेल्या त्या कामामागे गडचिरोलीचा हा हिशेब आहे.

यातून दोन धडे घ्यायचे. एक, आकार वेगळे असतील तर दर हजारी किंवा शेकडा मोजा. दोन, दोन्हीकडचे लोक सारखे असू द्या, शेजारची गावे शेजारच्या गावांशी तोला.

महाड: ३५ आणि ३५

मग लहान आकडा नेहमीच कुचकामी का? नाही. आपल्या भागात उसाच्या पाचटात, दगडांच्या बांधावर, पडवीत विंचू निघतोच. लाल विंचवाचे विष हृदयावर जाते: दरदरून घाम, उलटी, हातपाय गार, मग फुफ्फुसात पाणी. कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अनेक वर्षे याच रुग्णांवर काम केले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशात उपयोगी पडते, हे त्यांनी १९८०च्या दशकात दाखवले. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२०११ साली डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास छापला. प्रश्न असा होता: नुसते प्राझोसिन द्यावे, की त्याबरोबर विंचवाचे प्रतिविषही द्यावे? एकूण ७० रुग्ण घेतले. कुणाला काय द्यायचे ते डॉक्टरच्या मर्जीने नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. ३५ जणांना दोन्ही, ३५ जणांना नुसते प्राझोसिन. दहा तासांनी पाहिले, तर दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण लक्षणमुक्त होते. नुसते प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८.

आपली ‘दोन-दोन मिळवा’ची रीत लावा. पहिला गट ३९ पैकी ३४, सुमारे ८७ टक्के. दुसरा ३९ पैकी १०, सुमारे २६ टक्के. रुग्ण थोडेच होते, तरी फरक एवढा मोठा आहे की तो योगायोगाने पुसला जात नाही. हेच आकडे ३२ आणि ३० असते, तर आम्ही म्हणालो असतो, ‘अजून सांगता येत नाही, आणखी रुग्ण पाहा.’

म्हणजे नुसता छेद लहान की मोठा एवढे पाहून थांबायचे नाही. फरक किती मोठा, हेही बघायचे. फरक बारीक असेल तर तो दिसायला खूप माणसे लागतात. फरक डोळ्यांत भरणारा असेल तर थोडी माणसेही पुरतात, फक्त दोन्ही गट सारखे हवेत.

कोण आले आणि कोण मोजलेच नाही

गट सारखे नसतील तर मोठा आकडाही खोटे बोलतो. याचे सगळ्यात घातक उदाहरण साप-विंचू ‘उतरवणाऱ्या’ मांत्रिकाचे आहे. आपल्याकडे माणसे मारणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बाकी बहुतेक साप बिनविषारी. विषारी साप चावला तरी दर वेळी विष टोचले जातेच असे नाही. समजा, सर्पदंश झालेली २० माणसे मांत्रिकाकडे गेली आणि त्यातल्या १६ जणांच्या अंगात विष गेलेच नव्हते. ती १६ माणसे काहीही केले नसते तरी जगली असती. उरलेल्या चौघांना विष चढले, तेव्हा पळापळ करून त्यांना दवाखान्यात नेले. उशीर झालेला, दोघे गेले. आता गावाचा हिशेब बघा. मांत्रिकाच्या खात्यात १६ पैकी १६. दवाखान्याच्या खात्यात ४ पैकी २. “मांत्रिकाकडे १०० टक्के, दवाखान्यात निम्मे मरतात.” जीव वाचवणारा बदनाम आणि वेळ घालवणारा महाराज.

ऐकीव आहे म्हणून मानू नका, तपासून बघा, हे आपल्याला बुद्धांनीच सांगितले आहे. कायदाही आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला भाग हलवू न देता १०८ला फोन करा आणि प्रतिविष असलेले रुग्णालय गाठा.

असाच घोळ दवाखान्या-दवाखान्यांतही होतो. लहान दवाखाना अवघड रुग्ण पुढे पाठवतो, हे योग्यच आहे. पण मग त्याच्याकडे सोपे रुग्ण उरतात. समजा, लहान दवाखान्यात ४० रुग्ण: ३६ सोपे, सगळे बरे, ४ गंभीर, त्यातले २ बरे. एकूण ४० पैकी ३८, म्हणजे ९५ टक्के. मोठ्या सरकारी रुग्णालयात २००: ८० सोपे, सगळे बरे, १२० गंभीर, त्यातले १०२ बरे. एकूण २०० पैकी १८२, म्हणजे ९१ टक्के. एकूण टक्क्यात लहान दवाखाना पुढे दिसतो. पण तुमचा माणूस गंभीर असेल, तर तुमच्या कामाचे आकडे आहेत ४ पैकी २ आणि १२० पैकी १०२. निम्मे विरुद्ध ८५ टक्के. शिवाय ४ हा छेद एवढा लहान आहे, की त्यावरून त्या दवाखान्याला चांगले किंवा वाईट, काहीच म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट, मध्येच निघून गेलेल्यांची. टीबीच्या औषधांवरचा माणूस कारखान्याच्या हंगामात उसाच्या फडावर जातो, मुंबईला कामाला जातो, औषध सुटते. त्याला छेदातून वगळले, तर यश वाढलेले दिसते. व्यसनमुक्तीचे ‘९० टक्के यश’ सांगणाऱ्याला विचारा: किती दिवसांनी मोजले? पंधरा दिवसांनी की वर्षाने? आणि जे परत आलेच नाहीत, ते कुठल्या खात्यात टाकले? न आलेला माणूस बरा झाला, असे धरून चालत नाही.

गावाचा टक्का आणि आपली वस्ती

इथपर्यंत आपण लहान आकड्याला भुलू नका, असे सांगितले. आता दुसरी बाजू. आपली वस्ती स्वतःच एक लहान आकडा असते. म्हणून ती मोठ्या आकड्यात सहज बुडते.

समजा, एका गावात लसीकरणाच्या वयाची ३०० मुले आहेत आणि २८५ जणांना सगळ्या लसी मिळाल्या. गाव ९५ टक्के. सभेत टाळ्या वाजतात. पण यादी वस्तीनिहाय काढली, तर कळते की आपल्या वस्तीत २० मुले आहेत आणि त्यातल्या ८ जणांनाच सगळ्या लसी मिळाल्या. ४० टक्के. उरलेल्या गावात २८० पैकी २७७, म्हणजे ९९ टक्के. गावात लस राहिलेल्या १५ मुलांपैकी १२ एकट्या आपल्या वस्तीतली. गावाचा ९५ टक्के हा आकडा खोटा नव्हता. त्याने फक्त आपली मुले झाकली.

हे सभेत मांडले, की एखादा हुशार अधिकारी म्हणेल, “बाई, वीस मुलांवरून काय सिद्ध होते? आकडा फार लहान आहे.” तेव्हा महाडचे ३५ आणि ३५ आठवा. दोन-दोन मिळवून दाखवा. वस्ती २४ पैकी १०, सुमारे ४२ टक्के. उरलेले गाव २८४ पैकी २७९, सुमारे ९८ टक्के. फरक तसाच डोळ्यांत भरणारा आहे. योगायोग म्हणून तो झटकता येत नाही. मग विचारा, लसीकरणाचे सत्र कुठे भरते? आपल्या वस्तीत की गावाच्या दुसऱ्या टोकाला? कुठल्या वारी? त्या वारी आपल्या बाया खुरपणीला गेलेल्या असतात का?

उलटही खरे आहे. वस्तीत त्या वर्षी पाचच मुले होती आणि एकाची लस राहिली, तर ८० टक्के होतात. तेवढ्यावरून आशाताईला सगळ्यांसमोर धारेवर धरू नका. त्या एका मुलाला लस द्या आणि दोन-तीन वर्षांचे आकडे एकत्र पाहा. आशाताईही बहुतेक वेळा आपल्यातलीच असते. चुकीच्या हिशेबाने तिचा बळी जाऊ नये.

विचारायचे प्रश्न

कुणी टक्का सांगितला, तर एवढे विचारा. लाजू नका. वॉर्डात काम केलेल्या आम्ही परिचारिका सांगतो, चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

१. किती पैकी किती? टक्का नको, दोन्ही आकडे सांगा.

२. किती दिवसांतले आकडे आहेत? एका महिन्याचे की काही वर्षांचे?

३. ‘बरा झाला’ म्हणजे काय आणि ते किती दिवसांनी पाहिले?

४. रुग्ण किती गंभीर होते? माझ्या माणसासारखे किती होते आणि त्यातले किती बरे झाले?

५. मध्येच सोडून गेलेले, पुढे पाठवलेले मोजले का?

६. आमच्या वस्तीचा आकडा वेगळा काढला का?

शेवटचा प्रश्न गावातल्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत विचारायचा. उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तीही नाही. अर्जात मुलांची नावे मागू नका, फक्त वस्तीनिहाय संख्या मागा: एकूण मुले किती, सगळ्या लसी मिळालेली किती. अंश आणि छेद, दोन्ही.

आणि एक सूचना. माणूस घाबरा झाला असेल, श्वास लागला असेल, साप चावला असेल, बाळंतीण रक्तात न्हात असेल, तेव्हा हे हिशेब करत बसू नका. तेव्हा जवळचे सुसज्ज रुग्णालय गाठा. आकड्यांचा विचार शांत वेळी करायचा असतो: ठरवून करायच्या ऑपरेशनच्या आधी, महागडे औषध सुरू करण्याआधी, गंडेदोरे बांधायला कुणी आग्रह करील तेव्हा आणि गावाच्या सभेत.

पुढच्या महिला मंडळाच्या बैठकीत आपल्या वस्तीतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची लसीकरणाची कार्डे घेऊन बसा. एका वहीत दोनच रकाने आखा: एकूण मुले आणि सगळ्या लसी झालेली मुले. लहान पोरांपैकी ज्याला अपूर्णांक येतो, त्याला वर अंश आणि खाली छेद लिहायला लावा. ज्याची लस राहिली असेल, त्याच्या आईला आशाताईशी गाठ घालून द्या आणि वही जपून ठेवा. पुढच्या वर्षी तीच उघडायची आहे.

जयभीम.